सासूबाई ओसरीवर आडव्या झाल्या

आमच्या सिकोंगे गावच्या दवाखान्यातली काबुला नर्स तोंडाने तिखट, पण हाताला गुण असलेली. दवाखान्याला लागूनच माझं शिवणकामाचं दुकान, त्यामुळे तिची बोलणी मला फुकटात ऐकायला मिळतात.

तिचा जुना वैताग म्हणजे एक शब्द. आमच्याकडे 'म्श्तुको' म्हणजे दचकणं, आणि दवाखान्यातला शॉकही म्श्तुकोच. बाळंतिणीचं रक्त गेलं, हगवणीने अंगातलं पाणी आटलं, जखमेचं विष भिनलं, नाहीतर हृदयच थकलं, कशानेही रक्ताचा दाब कोसळला की ती म्श्तुको म्हणते, आणि नातेवाईक विचारतात, "कोणी घाबरवलं?" मग ती समजावत बसते. रक्त वाहत असेल तर आधी ते थांबवायचं, हगवणीत सलाइन भरभर सोडायचं, थकलेल्या हृदयाला मात्र पाणी जपून द्यायचं. लोकांच्या डोक्यात उरतं ते फक्त घाबरणं.

परवा मिहायो मध काढायला झाडावर चढला आणि माशा उठल्या. जन्मभर माशांत वावरलेला माणूस, पण या खेपेला अंगभर गांधी आल्या, ओठ सुजले, हातपाय गार पडले. भावाने सायकलवर घालून आणला. काबुलाने मांडीत इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं आणि माझ्याकडून कापडाचा गठ्ठा मागवून त्याचे पाय उंच ठेवले.

"म्श्तुको आहे. उठायचं नाही. उठलास तर रक्त पायात उतरेल आणि जीव जाईल."

"मी? माशांना घाबरलो?" मिहायो पुटपुटला.

एवढ्यात ओसरीवर त्याची सासू, न्यामिझी, येऊन उभी राहिली. सासूसमोर जावई आडवा, ही आमच्याकडे नाक कापल्यासारखी गोष्ट. मिहायो कोपरावर उठला. त्याचे डोळे फिरले. काबुलाने त्याला खाली दाबलं, दुसरं इंजेक्शन दिलं. जरा शुद्ध आली की पुन्हा धडपड.

"अरे गाढवा, मरशील."

"सासूबाई उभ्या आहेत," तो म्हणाला.

मी त्याचे पाय धरून होतो. खरं सांगतो, हा आता आपल्या हातात जातोय असं मला वाटलं.

काबुला तरातरा ओसरीवर गेली. "आजी, तुम्ही उभ्या आहात तोवर तो पडून राहणार नाही. तुम्हीच जरा आडव्या व्हा."

कुणाच्या सासूशी असं बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खांद्यावरचं कापड फरशीवर अंथरलं आणि सरळ उताणी पडली.

"जावईबापू," तिने आत हाक दिली, "मी झोपलेय. आता तुम्हीपण पडा, आणि मेहरबानी करून गप पडा."

मिहायोने डोकं टेकलं. हळूहळू त्याची बोटं ऊब धरू लागली, नाडी हाताला लागली. काबुला हसत ओसरीवर गेली. "उठा आजी, वाचला तुमचा जावई."

"त्याला उठता येतं का?"

"आज नाही."

"मग मी कशाला उठू?" म्हातारी म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.