पूल सरळ, पाणी तिरकं

चादरीची घडी अर्धीच झाली होती. दोन टोकं ढगोबांच्या हातात, दोन त्यांच्या बायकोच्या, आणि कडा काही केल्या जुळेनात.

"अहो, तुमचं टोक खाली गेलंय."

"हात खाली जातो गं हल्ली," ते बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

तीन महिने पोटात ठेवलेली गोष्ट चादरीपायी बाहेर पडली. आभाळ भरून आलं की लोक छत्री शोधत आणि हे कॅमेरा. म्हणून गल्लीने त्यांचं नाव ढगोबा ठेवलेलं. त्यांचा फोटो स्टुडिओ बंद झाला तरी रोज सकाळी काठावरच्या त्याच दगडावर उभं राहून नदीचा, पुलाचा आणि पलीकडच्या शहराचा एक फोटो ठरलेला. धुकं असो, ऊन असो, धो धो पाऊस असो, अकरा वर्षांत खाडा नाही. पण तीन महिन्यांपूर्वी फोटोतला पूल कलता दिसू लागला. हातच गेला, असं धरून ते पुलाचा कठडा सरळ दिसेपर्यंत कॅमेरा वाकडा धरायला शिकले.

"एवढंच ना?" बायको हसली. "मला वाटलं बाहेर काही भानगड आहे! आणा बघू फोटो."

चादर खुर्चीवर पडली. पलंगावर फोटो तारखेप्रमाणे मांडले: धुक्यातला, उन्हातला, कालचा काळ्या ढगांखालचा. तिचं हसू हळूहळू मावळलं.

"अहो, पूल सरळ आहे. पाणी तिरकं आहे."

"म्हणजे?"

"परात वाकडी धरली तरी पाणी आपलं सरळच राहतं ना? हात धड आहे तुमचा. वाकडा झालाय तो पूल."

ढगोबांनी पट्टी लावली. धुक्यातल्या फोटोत पाणी केसभर कललेलं, उन्हातल्यात दोन रेघा, कालच्यात चांगलं बोटभर. देव रोज दाखवत होता आणि हे स्वतःलाच दोष देत त्याचं दाखवणं पुसत बसले होते.

खिडकीबाहेर वारा एकदम पडला होता. नदी गढूळ आणि कालपेक्षा हातभर वर.

"धाकटी पाचला सुटते," बायको म्हणाली. मुलगी पलीकडच्या कापड गिरणीत कामाला. "बस त्याच पुलावरून येते."

"तिला फोन लाव."

"फोन गिरणीच्या फाटकावर जमा असतात त्यांचे. आणि फाटकावरचा कालच्या पावसापासून मुका आहे."

ढगोबांनी फोटो गोळा केले. मग म्हणाले, "पुलाच्या कचेरीतले हसतील गं. म्हणतील, म्हातारा स्वतःच वाकडा बघतो."

"हसू देत. हसत हसत पूल बंद केला तरी चालेल."

तिने फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली, देवापुढे क्षणभर हात जोडले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. कॅमेरा खुंटीवरच राहिला. पावणेचार झाले होते. पुलाची कचेरी साडेचारला बंद होते. ढगोबा फोटो दाखवायला तिकडे निघाले.