डेअरीच्या फ्रीझरमधलं हस्तलिखित

आमच्या पीजीच्या गल्लीच्या टोकाला एक डेअरी आहे. एचएसआर लेआउटमध्ये राहायला आल्यापासून मी दही तिथूनच घेते, पण मी मराठी आहे हे तिथे बरेच दिवस कळू दिलं नव्हतं. दुकान चालवणारं जोडपं आपसांत मराठीत बोलायचं. त्यांच्या कितीतरी पिढ्या इथेच गेलेल्या, त्यामुळे त्या मराठीत दर वाक्याला एखादा कन्नड शब्द यायचा. मला सगळं समजायचं. तरी मी ‘वन कर्ड’ म्हणायचे, पैसे स्कॅन करायचे आणि निघायचे. एकदा ओळख दिली की गाव कुठलं, काम काय, लग्न कधी, हे सुरू होतं. इंग्रजीत कोणी असलं विचारत नाही.

माझं कामही कमी बोलण्याचंच आहे. हेब्बाळला एका लहानशा संस्थेत मी जुन्या हस्तलिखितांचे फोटो काढते. वर टांगलेला कॅमेरा, दोन बाजूंना दोन दिवे, खाली उशीवर उघडं पुस्तक. पान उलटायचं, हात मागे घ्यायचा, फोटो घ्यायचा. फारसी किंवा अरबी मला वाचता येत नाही. कागद कुठे कमजोर आहे, शाई कुठे सुटायला आली आहे, एवढं मात्र आता बोटांना कळतं.

त्या कामामुळेच माझी आंटींशी ओळख झाली. आंटी म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. माझ्या पीजीपासून तीन गल्ल्या पलीकडे तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. त्यांच्याकडे किमयेवरचं एक अरबी हस्तलिखित आहे. मूळ ग्रंथ मध्ययुगातला. तो लिहिणाऱ्याच्या हातची प्रत कुठेच उरलेली नाही. उरल्या आहेत त्या नकलांच्या नकला. आंटींचे पणजोबा हकीम होते. त्यांनी एका कसर लागलेल्या जुन्या प्रतीवरून ही नक्कल स्वतःच्या हाताने उतरवली आणि ती जुनी प्रत पुढे नाहीशी झाली.

या ग्रंथाच्या आणखी दोनच प्रती माहीत आहेत, दोन्ही दूरदेशीच्या ग्रंथालयांत. गंमत अशी की दोन्ही एकाच ठिकाणी तुटतात. कधीतरी कोणीतरी शेवटची पानं गळालेल्या पुस्तकावरून नक्कल केली असणार आणि ते पुढे तसंच चालत आलं. भांड्याचं तोंड मातीने लिंपून ते विस्तवावर चढवलं आहे, आच वाढवली आहे, आणि पुढे काहीच नाही. शेवट आहे तो फक्त आंटींच्या प्रतीत.

“वहाँ की देगची अभी तक चूल्हे पे है,” आंटी म्हणायच्या. “हमारे घर में उतर गई.”

त्यांना अरबी थोडं थोडं वाचता येतं, लहानपणी आजोबांनी शिकवलेलं. त्यांनी मला सांगितलं की या ग्रंथांत पारा म्हणजे ‘पळून गेलेला गुलाम’ आणि नवसागर म्हणजे ‘गरुड’. एका पुस्तकात अर्धी कृती आणि उरलेली दुसऱ्यात, म्हणजे नुसत्या हावरटाच्या हाती काही लागू नये. मला मात्र ते ऐकताना स्वयंपाकघर आठवायचं. कुटणं, धुणं, गाळणं, आच मंद करणं.

हावरट लोक अजूनही येतात. देवनहळ्ळीकडे शेतजमिनीचे प्लॉट पाडून विकणारा एकजण आंटींकडे दोनदा येऊन गेला होता. त्याला पूर्ण पुस्तक नको होतं, ‘फॉर्म्युल्याचं पान’ तेवढं हवं होतं.

“मैं बोली उसको, फॉर्म्युला होता तो मैं पेन्शन पे कैकू रहती?”

असल्या लोकांमुळे त्या फोटो काढायलाही तयार नव्हत्या. मी अधूनमधून जायचे, चहा घ्यायचे, परत यायचे. एक दिवस त्या आपणहून म्हणाल्या, “तू कुछ पूछतीच नहीं, इसलिए देती मैं.” सोमवारी मी हस्तलिखित हेब्बाळला न्यायचं ठरलं.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. “बेटा, पेटी में पानी गया.”

रात्रभर पाऊस झाला होता आणि आमच्या भागातले नाले रस्त्यावर आले होते. मी गुडघाभर पाण्यातून गेले. मुख्य रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लोक चालले होते, मांडीवर लॅपटॉपच्या बॅगा. आंटींच्या घरात पाणी घोट्यापर्यंत होतं. वीज नव्हती. पलंगाखालची पत्र्याची पेटी त्यांनी ओढून टेबलावर ठेवली होती.

पुस्तक पेटीत आडवं ठेवलेलं होतं. अरबी पुस्तक उजवीकडून सुरू होतं, त्यामुळे आपल्याला जो पुढचा पुठ्ठा वाटतो तो खरं तर शेवटचा. नेमका तोच खाली होता. वरचा अर्धा भाग कोरडा आणि खालचा, जिथे तो शेवट होता, चिंब. मी कडेला हलकेच बोट लावलं. पानं गार होती आणि थोडी बुळबुळीत. जुन्या कागदाला खळ लावून तो घोटलेला असतो. तो भिजून तसाच वाळला तर पानं एकमेकांना धरून त्यांची वीट होते.

मी वर पाहिलं तर आंटींनी गॅस पेटवून त्यावर तवा ठेवला होता.

“दूर से सेंकती मैं. पापड के सरीखा.”

“नको!” मी ओरडले.

मी कोणावर ओरडले आहे असं मला आठवत नाही. आंटी दचकल्या. मग त्यांनी मुकाट्याने गॅस बंद केला. आंटींच्या दखनी बोलीतही नको म्हणजे नक्कोच, समजावून सांगावं लागलं नाही.

मी हेब्बाळच्या आमच्या बाईंना फोन लावला. हस्तलिखितांची दुरुस्ती त्या करतात.

“उघडू नकोस,” त्या म्हणाल्या. “पुसू नकोस, दाबू नकोस. बटर पेपरमध्ये गुंडाळ आणि फ्रीझरमध्ये टाक. गोठलं की जे आहे ते आहे तिथे थांबतं. बुरशी थांबते, शाई थांबते. मग मी एकेक पान सोडवेन.”

“तुमच्याकडे घेऊन येऊ?”

“कशी येणार? इथला अंडरपास बुडालाय. तिथेच फ्रीझर शोध. आजच्या आज.”

आंटींचा फ्रिज बंद, माझ्या पीजीत सकाळपासून अंधार. सगळ्या गल्लीत एकच जनरेटर चालू होता. त्याचा आवाज आंटींच्या घरापर्यंत येत होता.

आंटींनी पुस्तक स्वच्छ पंच्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. हात मात्र लगेच काढला नाही. “वापस लाएगी ना?” मी मान हलवली. तोंडाने हो म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

डेअरीसमोर दुधासाठी रांग होती. रांग संपेपर्यंत मी पुस्तक छातीशी धरून बाजूला उभी राहिले. काय बोलायचं ते मी मनात इंग्रजीत जुळवत होते. ‘फ्रॅजाइल’, ‘हेरिटेज’ असले शब्द येत होते. दुकानातल्या मावशींनी विचारलं, “कर्ड?” आणि मी मराठीत सुरू झाले.

“मावशी, एक जुनी पोथी भिजलीय. ती तुमच्या फ्रीझरमध्ये ठेवायची आहे. आजच ठेवली नाही तर जाईल ती.”

मावशींना आश्चर्य वाटेल असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या मागे वळून नवऱ्याला म्हणाल्या, “बोलली की हो शेवटी.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“रोज इथं उभी राहून आईला फोन करतीस. जेवले गं, भाजी-पोळी जेवले, म्हणतीस, आणि हातात नुसतं दही. आम्हाला काय कान नाहीत?”

माझे कान गरम झाले. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, काउंटरवरून वाकले. “कसली पोथी गं अक्का?”

“अरबीतली. किमयेची. म्हणजे सोनं करायची, असं लोक म्हणतात.”

“सोनं करायला बर्फात घालतात? आमचा आजा उगाच सोनाराच्या भट्टीपाशी बसला म्हणायचा जन्मभर.”

मावशी हसल्या नाहीत. त्या पंच्याच्या कोपऱ्यातून दिसणाऱ्या पुठ्ठ्याकडे बघत होत्या. “हे वरचं काय आहे? कातडं?”

त्यांच्या फ्रीझरमध्ये पनीर होतं, लोणी होतं, देवळात जाणारं दूध होतं. रेक्झिन आहे म्हटलं असतं तर चाललं असतं. पण खोटं बोलून ठेवलेली वस्तू मी परत मागायला कशी येणार, असं मला वाटलं.

“हो. कातडंच आहे.”

“मग कसं जमेल गं?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. रागावलेल्या नव्हत्या. त्यांना खरंच अडचण होती. माझ्या दंडावरून पाणी ओघळून कोपरापाशी ठिबकत होतं. ते पुस्तकातलं होतं की माझ्या ओढणीतलं, कळत नव्हतं.

“शनिवारी भजनात मी मृदंग घेऊन बसतो,” अण्णा म्हणाले. “त्याला काय केळीचं पान लावलंय?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं? देवापुढंच बसतो की. तूच तर आरतीचं ताट फिरवतीस त्याच्यावरनं.”

“तुमचं तोंड एक चालू असतं.” मावशींनी मागच्या खोलीकडे पाहिलं. “मागचा जुना आहे ना, बर्फाच्या लाद्यांचा. त्यात खायचं काही नाही. त्याला जनरेटरची वायर पोचंल?”

“पोचवतो. स्वल्प थांब.”

मावशींनी मिठाईच्या खोक्यांत घालायचा बटर पेपर काढला. मी पुस्तक कसं धरायचं ते दाखवलं आणि त्यांनी ते इतकं नीट गुंडाळलं की मला काही करायचं उरलंच नाही. कणा खाली करून आम्ही ते दोन लाद्यांच्या मध्ये उभं केलं. अण्णांनी झाकणाला सुतळी बांधली आणि वर कन्नडमध्ये चिठ्ठी चिकटवली. काय लिहिलंय, मी विचारलं.

“उघडलात तर दगड व्हाल.”

गल्लीतलं पाणी ओसरेपर्यंत मी रोज जाऊन त्या झाकणावर हात ठेवायचे. आत कंप जाणवला की बरं वाटायचं. मावशी काउंटरवरूनच सांगायच्या, “आहे गं चालू. जेव जा.” आंटींना मी रोज फोन करून तेवढंच कळवायचे. एकदा डिझेल संपलं तेव्हा अण्णांनी आइस्क्रीमचा मोठा फ्रीझर बंद ठेवला आणि होतं तेवढं डिझेल या जुन्यावर लावलं. निम्मं आइस्क्रीम गल्लीतल्या पोरांना फुकट वाटलं. हे मला नंतर पोरांकडून कळलं.

रस्ते मोकळे झाल्यावर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून आंटी आणि मी कॅबने हेब्बाळला गेलो. आंटींचा एक हात सगळा वेळ खोक्यावर होता.

आमच्या बाईंनी पुस्तक थोडं थोडं वितळू दिलं. बांबूच्या पातळ पट्टीने त्या एकेक पान सोडवायच्या आणि मध्ये टिपकागद घालायच्या. कोरड्या भागाला काहीच झालं नव्हतं. पुढे लाल शाईतले मथळे पसरून गुलाबी झाले होते. काळी शाई काजळीची. ती कडांना धुरकट झाली होती, पण ओळी जागेवर होत्या. शेवटची काही पानं एकत्र धरून बसली होती. तिथे बाईंनी श्वास रोखला आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. तळ्यावर बगळे होते. मी ते मोजायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही.

“सुटतंय,” बाई म्हणाल्या.

मी वळले तेव्हा शेवटचं पान टिपकागदावर उघडं होतं. खालचा कोपरा गेला होता, पण तिथे तसंही काही लिहिलेलं नव्हतं. आंटींनी चष्मा पुसला आणि पानाला न टेकवता बोट एकेका ओळीवरून उजवीकडून डावीकडे नेत वाचायला सुरुवात केली. त्यांना वेळ लागला. काही शब्दांवर त्या अडल्या, मागे गेल्या.

सोन्याचं त्यात काही नव्हतं. आग राखेने झाकून विझवायची, पाण्याने नाही. भांडं जागेवरच राहू द्यायचं. आपोआप गार होईपर्यंत त्याचं तोंड उघडायचं नाही. मग ते सिरक्याने धुवायचं. त्याखाली पणजोबांनी लिहिलं होतं की नक्कल इथे पुरी झाली, चुका माझ्या समजाव्यात आणि वाचणाऱ्याने माझ्यासाठी दुआ मागावी.

आंटी खुर्चीत मागे टेकल्या. “उतर गई,” त्या म्हणाल्या, आणि मग खूप वेळ नुसत्या हसत राहिल्या. मी कॅमेरा लावला. त्या पानाचा पहिला फोटो थोडा हललेला आला. मी तो पुसून टाकला नाही. दुसरा व्यवस्थित आला.

संध्याकाळी मी डेअरीवर गेले. आता गर्दी नव्हती. मावशींनी दह्याची पिशवी काउंटरवर ठेवली.

“मग? झालं का सोनं?”

“नाही मावशी. त्यात शेवटी फक्त चूल विझवायला सांगितलंय.”

“बरं सांगितलंय. एवढं कोण सांगतं?” त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. “बस आता. गाव कुठलं, ते तरी सांग. फोनवरनं तेवढं कळलं नाही आम्हाला.”

“नागपूर,” मी म्हणाले आणि बसले.