एक बोट जास्त

त्याला सगळी गल्ली 'सावकाश' म्हणते. त्याच्या टायरच्या दुकानातून कुठलीही गाडी बाहेर पडली की तो हात पुसत दारापर्यंत येतो आणि मागून ओरडतो, "सावकाश हं!" मग तो मालाचा ट्रक असो नाहीतर शाळकरी पोरीची सायकल. लोकांनी त्या ओरडण्याचंच नाव करून टाकलं. त्यानंही ते मुकाट्यानं घेतलं, कारण भांडायचीही त्याला भीती वाटते.

मुख्य धंदा टायरचा आणि जोडधंदा घाबरण्याचा, असा हा माणूस. गॅस बंद केला की नाही म्हणून तो अर्ध्या जिन्यातून परत वर जातो. फोन दोनदा वाजला तर वाईट बातमी आहे असं धरून चालतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्या पाठी तर त्यांची रांग लागलेली. पण टायरच्या बाबतीत त्याची भीती कामाची होती, एवढं त्याच्या वैऱ्यानंही कबूल करावं. शहरातल्या रस्त्यांना खड्डे होते म्हणण्यापेक्षा खड्ड्यांच्या मधून थोडा रस्ता होता. कुणी हौशी गिऱ्हाईक मोठी चकचकीत रिम मागायला आलं, की सावकाश त्याला टायरच्या कडेपाशी बसवायचा आणि रिमपासून जमिनीपर्यंत आपली बोटं आडवी लावून दाखवायचा.

"हे बघा, इथं चार बोटं रबर आहे. खड्डा आला की मार रबर खातं. तुम्ही रिम मोठी घेतलीत तर चाकाची एकूण उंची तेवढीच ठेवावी लागते, म्हणजे रबर उरलं दोन बोटं. मग मार खाणार रिम. ती वाकली, टायरच्या कडेला फुगा आला, आणि भर वेगात तो फुटला, की..."

यापुढचं तो कधी सांगत नसे. स्वतःच घाबरून उठायचा आणि पाणी प्यायचा.

त्याची बायको अगदी उलटी. ती शाळेची व्हॅन चालवते, आणि त्या गाडीतून जाणारी चिल्लीपिल्ली तिला व्हॅनमावशी म्हणतात. बालवर्गातली पोरं, बुटाचे बंद न बांधता येणारी. आयांचा तिच्यावर भरवसा आणि तिचा स्वतःवर. ट्रकवाल्याशी वाद घालून त्याला मागं घ्यायला लावणारी बाई. सावकाशला वाटायचं, देवानं धीर वाटताना दोघांचा वाटा हिच्याच पदरात टाकला.

व्हॅनचे टायर झिजले तेव्हा दोघांची जुंपली. स्टँडवरच्या दुसऱ्या व्हॅनला नव्या मोठ्या रिमा आल्या होत्या आणि बायकोच्या मनात त्या भरल्या होत्या.

"अहो, मोठं चाक खड्ड्यात पडत नाही. फळवाल्याच्या हातगाडीचं चाक बघा केवढं असतं! कशावरूनही जातं."

"अगं, त्याचं सगळं चाकच मोठं आहे. तुझ्या त्या रिमेत नुसतं लोखंड मोठं होतं आणि रबर कमी. आत पोरं बसतात, पोरं!"

"पोरं माझ्यामागं बसतात. तुमच्या नाही."

पण शेवटी तिनं ऐकलं. जुनी लहान रिमच ठेवायची आणि टायर मात्र जाड कडेचे घालायचे, असं ठरलं. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. कंपनीनं ठरवून दिलेलं माप चार बोटं रबराचं. सावकाशनं ते टायर काढून ठेवले, हात फिरवला, आणि मग त्याच्या मनात आलं, चार बोटं पुरतील? शाळेच्या उताराच्या तोंडावर तो केवढा खड्डा आहे. पाच असतील तर काय वाईट? एक बोट जास्त म्हणजे तेवढंच पोरांच्या अंगाखाली मऊ. त्यानं वरचं माप काढलं आणि बसवलं. अंगापेक्षा बोंगा मोठा झाला, पण दिसायला व्हॅन रुबाबदार दिसत होती आणि बायकोही खूश झाली.

आता त्याची एक पद्धत होती. मापात जरा जरी बदल केला, तरी तो गिऱ्हाईकाची गाडी माणसांनी भरायचा. शेजारचा औषधवाला, पेपर चाळत बसलेला कुणी म्हातारा, रस्त्यानं जाणारी ओळखीची बाई, जो सापडेल त्याला आत बसवायचा. गाडी दबली की स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवायला लावायचा आणि स्वतः जमिनीवर पालथा पडून टायर कुठं घासतो का ते बघायचा. गल्लीतल्या लोकांना याची इतकी सवय की तो दारात आला की ते आपणहून उठायचे. बायकोच्या व्हॅनमध्ये मात्र त्यानं तिला एकटीलाच बसवलं. रिकाम्या गाडीत चाक वळलं, कुठं घासलं नाही, फट बारीक होती पण होती. माणसं बोलवायला तो दारापर्यंत गेलाही. मग परत फिरला. भरलेल्या गाडीत घासलं असतं, तर ते एक बोट काढावं लागलं असतं, आणि ते त्याला काढायचं नव्हतं. जन्मभर सगळं दोनदा तपासणारा माणूस त्या दिवशी उत्तराला भिऊन प्रश्नच विचारायला गेला नाही.

काही आठवडे बरे गेले. मग एका सकाळी बायको व्हॅन घेऊन निघाली, यानं दारातून "सावकाश हं!" म्हटलं, आणि झाडू घेऊन तो व्हॅन उभी असायची ती जागा झाडायला गेला. जिथं पुढचं डावं चाक असतं तिथं जमीन ओली होती. हातभर लांब, बारीकशी ओल. बाजूला काळी भुकटी पडली होती, खोडरबरानं खोडल्यावर पडते तशी.

त्याच्या पोटात गोळा आला. पण पोटात गोळा येणं ही त्याची रोजचीच गोष्ट, म्हणून तो थांबला. मागं एकदा अशीच ओल बघून तो रस्त्यात व्हॅनच्या आडवा पडला होता. सगळ्या पोरांना खाली उतरवलं, रस्ता तुंबला, आणि निघालं काय, तर एका पोरीची पाण्याची बाटली सांडलेली. त्यावर स्टँडवर लोक महिनाभर हसले होते. बायको तेव्हा हसली नव्हती. ती एवढंच म्हणाली होती, "पोरं घाबरली हो. तुमच्यामुळं." ते त्याला हसण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

त्यानं वाकून ओलीला बोट लावलं. पाणी नव्हतं. बोटांत चोळलं, तर बुळबुळीत. नाकाशी नेलं. ब्रेकचं तेल.

मग त्याला सगळं एकदम कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. पुढच्या चाकाच्या आतल्या अंगानं ब्रेकची रबरी नळी जाते. गाडी पोरांनी भरली की दबते. खड्ड्यात आपटून वळली की आणखी दबते. आणि ते एक बोट जास्तीचं रबर इतके दिवस रोज थोडं थोडं त्या नळीला घासत होतं. भुकटी त्या नळीची होती.

फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. पुन्हा वाजत राहिला. ती उचलणार नव्हतीच. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, अशी शपथ यानंच तिला घातली होती, आणि एकदा दिलेला शब्द ती मोडत नसे.

औषधवाला नुकताच शटर वर करत होता. सावकाशनं त्याच्या हातातून स्कूटरची किल्ली अक्षरशः ओढून घेतली.

"अहो, झालं काय?"

"ब्रेक... ती... पोरं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"जा, जा! पण सावकाश!" औषधवाला सवयीनं बोलून गेला.

त्या दिवशी हा माणूस सावकाश गेला नाही. तो सगळे खड्डे ओळखत होता, त्यांना त्यानं नावंही ठेवली होती. बँकेसमोरचे 'जुळे', वळणावरचा 'बुटका', आणि शाळेच्या उताराच्या तोंडावर बेकरीपाशी तो सगळ्यांचा बाप, 'पाताळ'. एरवी या प्रत्येकाला तो नमस्कार केल्यासारखा हळूच वळसा घालायचा. आज जुळ्यांतून स्कूटर नेली तेव्हा दात एकमेकांवर आपटले आणि त्याला पत्ताही लागला नाही. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. उतार, उताराच्या पायथ्याशी शाळेचं फाटक, आणि फाटकात या वेळेला उभी असणारी पोरांची गर्दी. ती ब्रेकवर पाय ठेवेल आणि पाय खाली जात राहील. तिला वाटेल आपलंच चुकलं. शेवटच्या क्षणीही तिला कळणार नाही, की हे नवऱ्यानं तिच्या काळजीपोटी केलं.

तो मोठ्यानं रडत होता, हे त्याला सिग्नलपाशी शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच खाली करून बघितलं तेव्हा कळलं.

बेकरीचं वळण आलं आणि समोर माणसं जमलेली दिसली. स्कूटर त्यानं कशी उभी केली, केली की नुसती सोडून दिली, त्याला सांगता आलं नसतं.

व्हॅन पाताळात होती. पुढचं डावं चाक पार आत बसलं होतं, गाडी एका खांद्यावर कलली होती, आणि त्याच्यापुढं तो उतार सरळ खाली गेला होता. पोरं बेकरीच्या भिंतीला पाठ लावून एकमेकांचे हात धरून ओळीनं उभी होती. एकानं बोट करून म्हटलं, "मावशीनं गाडी खड्ड्यात घातली!" त्याच्या आवाजात कौतुक होतं.

त्यानं पोरं मोजली. पुन्हा मोजली. मग बायकोकडे बघितलं.

ती पायरीवर बसली होती. "ब्रेक मऊ लागला बँकेपाशीच," ती म्हणाली. "गर्दीत थांबायला जागा नव्हती, म्हणून गिअर उतरवत आणली हळूहळू. इथं आल्यावर पाय पार तळाला गेला. हँडब्रेक ओढला, पण भरलेली गाडी, आणि हा असा उतार. त्याच्या भरवशावर कशी ठेवू? हा खड्डा दिसला. घातलं चाक."

जमलेल्यांपैकी एक गृहस्थ तावातावानं बोलत होते. "हे रस्ते जीव घेणार आहेत कुणाचा तरी! खड्ड्यांनीच वाट लावली ब्रेकची, दुसरं काय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. बेकरीवालाही म्हणाला, "खड्ड्यांमुळंच."

सावकाशनं ऐकलं. दोष पाताळाला चिकटला होता आणि पाताळ काही बोलणार नव्हतं. मान हलवली की संपलं. स्टँडवर कुणी हसणार नव्हतं. उलट तो वेळेवर धावत आला म्हणून नावाजलाच असता. आणि उद्यापासून कुठलीही आई बायकोच्या गाडीत पोर बसवताना कचरली नसती. न बोलण्याची कारणं चांगली होती, आणि त्याला बोलायची भीती वाटत होती, ती तर नेहमीचीच.

"खड्ड्यानं नाही," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "खड्ड्यानं नाही. मी. टायर मापापेक्षा मोठा घातला मी. नळीला घासत होता. आणि गाडी भरून बघितली नाही." मग बायकोकडे वळून, "मला भीती वाटत होती गं. म्हणून एक बोट जास्त घातलं."

ते गृहस्थ उगाच घड्याळ बघायला लागले.

किणकिण असा आवाज येत होता आणि तो कशाचा ते त्याला आधी कळेना. तिच्या हातात गाडीच्या किल्ल्या होत्या. हात थरथरत होता आणि त्या वाजत होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचा हात थरथरताना त्यानं कधी पाहिला नव्हता.

"तूसुद्धा?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"रोज वाटते," ती म्हणाली. "रोज सकाळी पहिलं पोर आत बसलं की पोटात कालवतं माझ्या. तुम्ही आधीच एवढे घाबरलेले, त्यात मी कुठं सांगू? दोघंही घाबरलो असतो तर गाडी कुणी चालवली असती?"

तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. तिनं किल्ल्या त्याच्या हातात दिल्या.

"घाबरलात ना? मग आता घाबरतच नीट करा."

दुपारपर्यंत नळी नवी बसली आणि कंपनीच्या मापाचे टायर चढले, चार बोटांचे, एक रेघभरही जास्त नाही. मग सावकाश दारात जाऊन उभा राहिला. गल्लीनं सकाळचं सगळं ऐकलंच होतं. औषधवाला उठला, त्याच्यामागून दोन म्हातारे, समोरची शिंपीण, आणि ज्यांची पोरं सकाळी व्हॅनमध्ये होती त्यांच्यातली एक आई. ती आई मागच्या बाकावर, रोज तिचा मुलगा बसतो तिथं जाऊन बसली. तिच्याकडे बघायचा सावकाशला धीर झाला नाही.

बाकीचेही आत शिरले, बायको स्टिअरिंगवर बसली आणि व्हॅन दबली. तो जमिनीवर पालथा झाला. टायर आणि नळी यांच्यामध्ये त्यानं बोट घातलं. बोट आरपार गेलं, मोकळं. तरी तो तसाच पडून राहिला, बोट तिथंच ठेवून.

"फिरव," तो खालून म्हणाला.

वर स्टिअरिंग हललं नाही.

"आधी बोट काढा," बायको म्हणाली. "काढलं म्हणून सांगा. मग फिरवते."