टपालवाल्याचे बूट

नमस्कार. या सदरातले अनुभव मी गेली काही वर्षे नियमित वाचते, लिहिते आहे मात्र प्रथमच, तेही वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. मांडणीत काही चुकले तर सांभाळून घ्यावे. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षे गणित शिकवले. भूत, पिशाच्च, कौल, दृष्ट यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही तो बसला आहे असे म्हणवत नाही. तरीही जे घडले ते क्रमाने सांगते. चूक नेमकी कोणत्या पायरीवर आहे हे कुणी दाखवून दिले, तर मला बरेच वाटेल.

मी विजापूर रोडवरच्या एका लहान फ्लॅटमध्ये एकटी राहते. लग्न केले नाही. चार माणसांत बोलणे मला कधीच जमले नाही. वर्गात तोंड फळ्याकडे असे, म्हणून निभावले. माझा धाकटा भाऊ दत्ता मोहोळला राहत असे. विजेचे मीटर वाचण्याचे त्याचे काम — दिवसभर पायी, दारोदार. दर रविवारी तो एसटीने माझ्याकडे जेवायला येई, आणि जेवण झाले की आम्ही दोघे एक इंग्रजी मालिका पाहत असू. झोंबींची, कॉमिक्सवरून केलेली. मेलेली माणसे उठून चालू लागतात आणि उरलेली जिवंत माणसे त्यांच्यापासून पळत राहतात. दोन प्रौढ माणसांनी पाहावे असे त्यात काय, हे विचारू नका... आठवडाभरात माझे जे काही बोलणे होई, ते त्या दुपारीच.

दत्ताला इंग्रजी फारसे कळत नसे. खाली उमटणारी वाक्ये मी मराठीत सांगत जाई. प्रतिक्रिया मात्र सगळ्या त्याच्या.

"मागं बघ की रं येड्या, मागं!"

"आगं, दार लाव की बाई! मोहोळातल्या पोरासोरांना बी कळतंय दार लावायचं!"

त्या मालिकेतली माणसे झोपतानाही बूट काढत नसत. कधी पळावे लागेल याचा नेम नाही, म्हणून. हे काही दत्ताला पटत नसे. "गादीवर बूट? आई असती तर उलथनं फेकून हाणलं असतं बघ, अक्का."

त्याचे आवडते पात्र एक टपालवाला होता. जग बुडाले, टपाल बंद पडले, तरी हा खांद्यावर रिकामी पिशवी घेऊन आपल्या गावाकडे चाललेला. प्रत्येक सीझनमध्ये थोडा थोडा पुढे सरके. "ह्यो आपल्यातला हाय," दत्ता म्हणे. "पायी हिंडणारा. ह्यो घरी पोचतोय का न्हाय, तेवढंच बघायचंय मला. बाकी समदी मेली तरी चालंल."

मला ते ठाऊक होते. तासाला जाण्याआधी पुस्तक वाचून ठेवण्याची माझी सवय. कॉमिक्सचे सर्व खंड मी मागवून वाचले होते. त्यांत टपालवाला गावाबाहेरच्या पुलावर मेलेल्यांच्या गराड्यात सापडतो आणि तिथेच संपतो. मला शेवट माहीत आहे हे दत्ताने ओळखले होते. "तोंड उघडायचं न्हाय हां, अक्का," तो बजावी. हे मला बजावण्याची खरे तर काहीच गरज नव्हती.

शेवटचा सीझन यायचा होता. त्याच्या आधीच, ऐन उन्हाळ्यात, मोहोळच्या एका बोळात मीटर वाचता वाचता दत्ता कोसळला. घरी पोहोचला तो लोकांच्या खांद्यावरून.

दहाव्याला आम्ही सीना नदीकाठी होतो. पिंड ठेवून सगळे मागे सरले. समोरच्या बाभळीवर कावळे होते. त्यांतला एखादा खाली उतरे, हातभर अंतरावर येऊन मान वाकडी करून पाही आणि परत फिरे. असा तास गेला. दत्ताच्या इच्छा आठवून आठवून लोक शब्द देऊ लागले. आमचे चुलते, भाऊतात्या, हात जोडून म्हणाले, "दत्ता, लेकीच्या शिक्षनाचं मी बघतो. जा आता." कावळा हलला नाही.

मग बायकांत कुजबुज सुरू झाली. "सकाळी उपाशीच गेला म्हनं घरातनं..." आणि एकेक करून सगळ्यांच्या नजरा सुनंदाकडे, म्हणजे दत्ताच्या बायकोकडे, वळल्या.

"सुनंदा," तात्या म्हणाले, "काय बोलनं झालं हुतं का तुमचं? सांग की. आता लाजायचं न्हाय."

"न्हाय ओ तात्या. उशीर झाल्ता म्हनून डबा घिऊन गेल्ते."

"मग कावळा का शिवंना?"

सुनंदा मान खाली घालून उभी होती. नवरा तिच्यावर रुसून गेला, हे त्या तासाभरात ठरत चालले होते, आणि एकदा ठरले की गावात ते जन्मभर पुसले जाणार नव्हते. गुरुजी म्हणाले, "ऊन वाढतंय. दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ." म्हणजे त्या बोलण्यावर शिक्काच.

दत्ताला काय हवे होते हे तिथे फक्त मला माहीत होते. आणि ते पन्नास माणसांसमोर बोलायचे होते... मी पुढे कशी झाले, मला आठवत नाही.

"दत्ता, टपालवाला पोचतो," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल की गं!" तात्या मागून ओरडले. "आमालाच ऐकू येईना, त्याला काय जानार?"

"टपालवाला घरी पोचतो!" मी म्हणाले. पिंडासमोर उभी राहून मी धडधडीत खोटे बोलत होते. "तो पूल ओलांडतो. दाराशी येतो. बूट काढतो, पायरीवर नीट जोडून ठेवतो. आणि आत जातो."

बुटांचे मला कसे सुचले, सांगता येत नाही. कॉमिक्समध्ये तसे काहीही नाही. कुणी घरात शिरतो आहे म्हटल्यावर माझ्या मनात ते आपोआप आले असावे.

"आत जातो" हे शब्द तोंडात असतानाच कावळा उतरला.

"शिवला! शिवला!" तात्यांचा आवाज फुटला. मला आणखी सांगायचे होते. परंतु सगळी माणसे माझ्याकडे पाहत आहेत हे त्याच क्षणी ध्यानात आले, आणि मी गप्प झाले.

परतताना तात्यांनी विचारले, "कुटला टपालवाला गं? आपल्या पेठेतला व्हय?"

"मालिकेतला," मी म्हणाले.

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. "बरं," म्हणाले. सुनंदाने माझा हात धरला होता, तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

इथवर स्पष्टीकरण आहे. माझ्या विचित्र बोलण्याने लोक एकदम शांत झाले आणि कावळ्याला धीर आला. मी ते मान्य करते. बोचत होते ते फक्त माझे खोटे.

पावसाळा सरता सरता शेवटचा सीझन आला. मी रविवारीच, दुपारी, दोन-दोन भाग पाहू लागले. पहिल्या दिवशी सवयीने वाक्ये मोठ्याने मराठीत सांगितली. पुढच्या रविवारपासून मनात वाचली.

पुलाचा भाग आला. टपालवाल्याने पूल ओलांडला. मी स्वतःला समजावले — मालिकावाले कॉमिक्समध्ये बदल करतातच. पोहोचेल किंवा पोहोचणार नाही, दोनच शक्यता होत्या. मग अखेरचा भाग. रिकामा रस्ता, त्याचे घर, लाकडी पायऱ्या. तो पायरीवर बसला. नाड्या सोडल्या. बूट काढले, एकमेकांना जोडून ठेवले, आणि अनवाणी आत गेला.

इतक्या सीझनमध्ये कुणीही एकदासुद्धा बूट काढले नव्हते. मी चित्र थांबवले.

प्रेक्षक जिथे प्रतिक्रिया लिहितात ते पान मी वाचत असे. लिहीत कधीच नसे. त्या दिवशी तिथे बुटांवरच वाद चालला होता. कुणी म्हणे, तो पळण्याला कंटाळला. कुणी म्हणे, त्याला चावा बसला आहे आणि तो मरायला आत गेला. कॉमिक्स वाचलेले चिडले होते — हा तर पुलावर मरतो, मग हे आणले कुठून? एकाने लिहिले, 'आमच्याकडे घरात जाताना असेच करतात.' त्याला सगळे हसले होते. मी पुष्कळ मोठी प्रतिक्रिया लिहिली... आणि पुसून टाकली.

मी कॉमिक्सचे पान न् पान पुन्हा तपासले. बूट नाहीत. शेवटच्या सीझनची पहिली जाहिरात आली ती दहाव्यानंतर. चित्रीकरण मात्र दत्ता असतानाच पुरे झाले होते, असे वाचनात आले. म्हणजे माझ्या शब्दांनी काही घडले नाही, हे उघड आहे. पण मग नदीकाठी मला ते कळले कसे? इथे माझी सिद्धता थांबते.

पुढे एका रविवारी सुनंदा आली. ही मालिका तिने कधी पाहिली नव्हती. "मढ्यांचा खेळ" म्हणून ती नाक मुरडी. त्या दिवशी आपणहून म्हणाली, "वन्सं, त्येवढं शेवटचं दावा मला."

मी दाखवले. बूट पायरीवर राहतात, दार लागते. आत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि तिथेच कलाकारांची नावे सुरू होतात. सुनंदा नावे संपेपर्यंत पडद्याकडे पाहत होती.

"आत कोन हाय?" तिने विचारले.

"दाखवलेले नाही."

"तुमाला ठावं आसंल की."

"नाही गं. खरंच नाही."

ती माझ्याकडे वळली. मग अगदी साध्या आवाजात, जराही दोष न देता म्हणाली, "तवा नदीवर तुमी सांगत हुता की, वन्सं. मदीच का थांबला?"

सगळे माझ्याकडे पाहत होते म्हणून, असे मी तिला सांगितले. पुढचे वाक्य काय होते, ते मला अजून आठवलेले नाही.