मिठावर एक थेंब

देवावर विश्वास न ठेवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण मिठावर विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच दुकानाच्या मागच्या गल्लीत राहायला आला. राजुऱ्याला आमचं किराणा दुकान आहे, अब्बांच्या वेळचं. या माणसाला सगळे भाऊ म्हणतात; ते आरोग्यसेवक होते. अर्धी नोकरी धानोऱ्याकडच्या जंगलात गेली, उरलेली गोंडपिपरीला. निवृत्त होताना खात्यानं त्यांना शाल आणि नारळ दिला. नारळ त्यांनी फोडला, शाल बहिणीला दिली आणि खात्याची आठवण म्हणून स्वतःजवळ ठेवली ती एक बोटभर उंचीची बाटली. चिमूटभर मिठावर त्या बाटलीतला थेंब टाकला, की मिठात आयोडीन असेल तर ते निळं-जांभळं होतं, नसेल तर पांढरं ते पांढरंच राहतं. बाटली संपली की जुन्या ओळखीच्या नर्सबाईकडून दुसरी येते. भाऊ शर्टाशिवाय एक वेळ दिसतील, त्या बाटलीशिवाय दिसणार नाहीत.

मिठाचं नवीन पोतं उतरलं की यांना कसं कळायचं, अल्ला जाणे. हमालानं पोतं पाठीवरून खाली टाकलं, की हे पायरीवर उभे. "जयभीम शेठ." मी म्हणायचं, "जयभीम भाऊ." पुढं एक शब्द नाही. स्वतःच्या हातानं पोत्याची शिवण उसवायची, चिमूटभर मीठ कागदावर घ्यायचं, थेंब टाकायचा आणि मान वाकडी करून बघत बसायचं. बाजाराचा दिवस, दुकानात बाया उभ्या, आणि त्या सगळ्याजणी तेल-डाळ सोडून त्या कागदाकडे बघतायत. निळं झालं की भाऊ म्हणणार, "हाव, चालते." आणि मग बाया मीठ मागणार. एकदा पांढरं राहिलं. मी हळूच डोळ्यांनी खुणावलं, की बाबा, नंतर बोलू. हे मोठ्यानं म्हणाले, "शेठ, हे मीठ नाई, ही रेती आहे. वापस करा." मी महिनाभर त्यांच्याशी धड बोललो नाही. पोतं मात्र परत केलं, कारण ते घेणार कोण होतं?

लग्नाकार्यात तर त्यांचा वेगळाच थाट. मांडवात शिरले की नवरदेवाकडे नाही, थेट आचाऱ्याकडे. "मीठ कवा टाकता?" भाऊंचा नियम असा, की मीठ उकळत्यात टाकायचं नाही, भांडं खाली उतरल्यावर टाकायचं, नाहीतर आयोडीन वाफेवर उडून जातं. गोंडपिपरीच्या एका लग्नात त्यांनी आचाऱ्याला दम दिला, "मी सांगीन तवाच टाका." बिचारा त्यांच्या खुणेची वाट बघत राहिला आणि हे तिकडे नवरीच्या मामाशी प्लास्टिकच्या पेल्यांवरून वाद घालत बसले. सगळी पंगत अळणी वरण जेवून उठली. नवरीचा बाप तोंड पाडून उभा होता. भाऊ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक दिवस अळणी खाल्ल्यानं काई होत नाई. वरसानुवरसं खोटं मीठ खाल्ल्यानं होते." त्या घरानं पुढच्या लग्नाची पत्रिका त्यांना दिली नाही, असं ऐकलं.

पेल्यांचा वाद म्हणजे त्यांचं दुसरं खातं. खांद्यावरच्या पिशवीत स्वतःचा स्टीलचा गिलास असतो. चहा त्यातच. कुणी प्लास्टिकच्या पेल्यात गरम चहा दिला तर असं बघतात, की देणाऱ्याला आपणच विष कालवलंय असं वाटावं. आणि धूळ! आमच्याकडे खाणी जवळ, कोळशाचे ट्रक दिवसभर जातात, सकाळी झाडलेला ओटा दुपारी काळा होतो. आम्ही जन्मापासून तो काळेपणा पुसत आलो, कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. भाऊंनी काय केलं, खिडकीच्या गजाला एक पांढरा रुमाल बांधला आणि संध्याकाळी तो सोडून गल्लीतल्या बायांना दाखवला. "पाहा. हे पोटात जाऊन राह्यलं तुमच्या. धुवा. जे तोंडात जाते ते सगळं धुवा." त्या दिवसापासून आमच्या गल्लीत धुण्याचं वेडच शिरलं. वांगी धुवा, मिरच्या धुवा, पोरांची तोंडं दिवसातून चारदा धुवा. स्वतः भाऊ पापड वाळत घालायच्या आधी काडीला दोरा बांधून वारा कुठून येतो ते बघायचे. वारा खाणीकडचा असला की पापड घरात. त्यांच्या घरचे पापड कधी नीट वाळले नाहीत, आणि भाजले तर कडेनं चिवटच राहायचे, पण ते कौतुकानं वाढायचे आणि आम्ही मुकाट्यानं चावायचो.

त्यांच्यामुळे आमच्या न्हाव्यानं एकदा केलेला पराक्रम सांगितलाच पाहिजे. आयोडीन गळ्यासाठी चांगलं, एवढंच त्याच्या कानावर पडलेलं. त्यानं जखमेवर लावायचं आयोडीन आणलं आणि गळ्याला पुढून मागून रंगवून आला. भाऊंनी त्याला पायरीवर बसवलं, ओल्या फडक्यानं स्वतः त्याचा गळा पुसला आणि समजावलं, "लावाचं अलग, खायाचं अलग, राजा. अन् खायाचंही चिमटीतलंच. कमी झालं तरी वाईट, जास्त झालं तरी वाईट. काऊन घाई करतं?" रागवायचं सोडून ते त्याचा गळा इतक्या हळुवार हातानं पुसत होते, की मी वजन करता करता थांबलो. त्या माणसाला गळ्याबद्दल काहीतरी वेगळंच वाटतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

ते वेगळं काय, ते त्यांच्या घरात होतं. त्यांची धाकटी बहीण. आम्ही सगळे तिला बाईच म्हणतो. ऐकू येत नाही, बोलता येत नाही, उंचीनं दहा वर्षांच्या पोरीएवढी राहिली, गळ्याशी गाठ. धानोऱ्याच्या पलीकडे त्यांचं गाव. बाजारात मोहफुलं द्यायची आणि मीठ घ्यायचं, आणि मीठ म्हणजे जे मिळेल ते. आईलाही गाठ होती, मावशीलाही. बाई जन्मली तेव्हा भाऊ सहा-सात वर्षांचे. तिच्या कानाशी त्यांनी थाळी वाजवली, डफडं वाजवलं, ती हसायची पण वळायची नाही. पुढे आरोग्यसेवकाच्या प्रशिक्षणात त्यांना कळलं, की चिमूटभर बऱ्या मिठानं कदाचित हे टळलं असतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, दुकानात कुणी नसताना, आणि सांगून झाल्यावर विचारलं, "गूळ कसा दिला शेठ?" लग्न त्यांनी केलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

माझ्या सुनेला दिवस गेले तेव्हा माझ्या आनंदाला पारावार नव्हता. तीन महिन्यांनी दवाखान्यात रक्त तपासलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉईड कमी आहे, गोळी चालू करू, आणि घरात मीठ कोणतं वापरता? माझं डोकंच फिरलं. मी किराणेवाला, माझं मीठ गल्लीत सगळ्यांत जास्त तपासलेलं, आणि माझ्याच घरात हे? मी तडक भाऊंच्या दारात. "काय भाऊ, वर्षानुवर्षं तुमचं निळं-पांढरं चाललंय, आणि माझ्या सुनेचंच कमी कसं निघालं? ती बाटली आहे की तमाशा आहे?" जे बोलू नये ते बोललो. भाऊंनी खिशातली बाटली चाचपली, चप्पल घातली आणि माझ्यासोबत आले.

बरणीतल्या मिठावर थेंब टाकला. निळं. भाऊ माझ्या बायकोला म्हणाले, "भाभी, माह्यासमोर भाजी करा बरं." बायकोनं कांदा परतला, वांगी टाकली, आणि मग मूठभर खडे मीठ चाळणीत घेऊन नळाखाली धरलं. खळाखळा दोन पाण्यानं धुतलं. भाऊ उठून उभे राहिले. त्या धुतलेल्या खड्यांवर त्यांनी थेंब टाकला. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. पांढरं.

"मीठ कोण धुवाले सांगतलं, भाभी?"

बायको चाळणी हातात तशीच धरून म्हणाली, "तुम्हीच की भाऊ. जे तोंडात जाते ते सगळं धुवा म्हणले होते ना. खड्याच्या मिठावर तर किती काळं निघते."

भाऊ आमच्या स्वयंपाकघरात खाली बसले. पाटावर नाही, फरशीवरच. मी त्यांना पाणी दिलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं. एव्हाना माझा राग कुठल्या कुठं गेला होता, आणि मला स्वतःची लाज वाटत होती. मी म्हणालो, "भाऊ, डॉक्टरीणबाई म्हणाल्या कारणं पुष्कळ असतात. मिठानंच झालं असं नाही." ते म्हणाले, "असन. पण हे तं माह्यानं झालं." मग चाळणीकडे बघत म्हणाले, "माही माय पण मीठ धुवाची."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दारोदार फिरायला सुरुवात केली. प्रत्येक घरात शिरून चाळणी मागायची, मीठ धुवायचं, थेंब टाकायचा, दाखवायचं. "चूक माही आहे, बाई. भाजी धुवा, मीठ नोका धुऊ. धूळ वाटत असन तं बारीक पुडीचं घ्या अन् झाकून ठेवा." स्वतःची चूक घरोघर जाऊन सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिला नाही. माझ्या सुनेच्या गोळीची वेळ झाली की पायरीवरून आवाज यायचा, "शेठ, सूनबाईनं गोळी घेतली का?" एक दिवस चुकला नाही.

मुलगी झाली. गोरी, गुटगुटीत, भोकाड पसरणारी. तिच्या रडण्याचा आवाज गल्लीत गेला तेव्हा भाऊ डोळे पुसत होते. पोर चार महिन्यांची झाली तसे आले आणि पाळण्यामागे उभं राहून स्टीलच्या गिलासावर किल्ली वाजवली. पोरगी वळली. भाऊंनी पुन्हा वाजवली. पुन्हा वळली. हा कार्यक्रम रोजचा झाला, तिच्या झोपेचा पार सत्यानाश झाला, पण सुनेनं एका शब्दानं त्यांना अडवलं नाही.

पण पोरगी बोलेना. वर्ष झालं, दीड झालं, दोन होत आले. हसायची, बोट दाखवायची, ओरडायची, पण शब्द नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासण्या ठीक आहेत, काही मुलं उशिरा बोलतात. आम्ही मान डोलावली. भाऊ मात्र खंगत चालले. त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि थेंबाचा रंग दिसेनासा झाला. ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणायचे, "करू न. पोट्टी बोलली का करू." मग बाई त्यांच्यासोबत दुकानात येऊ लागली. भाऊ थेंब टाकायचे, बाई वाकून बघायची, आणि निळं झालं की त्यांचा हात दाबायची. ज्या बाईसाठी हे सगळं सुरू झालं, तीच आता त्यांना मिठाचा रंग सांगत होती. मला ते बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

परवा नवीन माल आला. भाऊ बाकावर, बाई शेजारी, माझी नात पोत्याला टेकून उभी. कागदावर मीठ, मिठावर थेंब. भाऊंनी सवयीनं विचारलं, "कसं आलं?"

"नियं," असा आवाज आला.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी नातीकडे बघितलं. ती कागदाकडे बोट दाखवत होती. "नियं." मग तिनं स्वतःच्या लाल फ्रॉककडे बोट दाखवलं आणि तेही "नियं" म्हणाली, माझ्या पांढऱ्या दाढीलाही म्हणाली. मी आत ओरडून सुनेला बोलावलं. भाऊंच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते म्हणत होते, "बोलू दे. थांबवू नको तिले, बोलू दे."

बाईला काहीच कळेना. ती भावाच्या तोंडाकडे बघत होती, घाबरली होती. भाऊंनी तिचा हात धरला आणि चाचपडत, अलगद, नातीच्या गळ्यावर ठेवला. पोरगी बोलतच होती. बाईची बोटं त्या इवल्याशा गळ्यावर स्थिर राहिली, मग तिनं दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर, त्या गाठीवर ठेवला आणि बराच वेळ दोन्ही हात तसेच ठेवून बसली. नंतर ती हसली.

पोत्यातलं मीठ निळं होतं की नाही, ते त्या दिवशी भाऊंनी मला विचारलंच नाही. जाताना पायरीवर थांबले आणि म्हणाले, "शेठ, डोळ्याचं पाहून टाकू आता. तिचं तोंड पाहाचं आहे बोलताना." बाटली माझ्या गल्ल्यावर विसरून गेले. मी ती झाकण घट्ट लावून ठेवली आहे.