भुरीबाईची ओळ

धनजच्या राखीला कागदाचा भारी राग. वाशीमला खोली करून तीन वर्षं कॉम्प्युटर शिकून आली, तेव्हापासून घरात एखादी पावती दिसली तरी आईवर फणकारायची, "कायले पाह्यजे एवढे कागद?" डोळ्यांची शिबिरं भरवणाऱ्या एका संस्थेत ती लागली आणि महिनाभरात तिथली जाडजूड रजिस्टरं कपाटात गेली. नोंदणीचा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला. पोरगी हुशार, यात वाद नाही. पण आपल्या हुशारीची तिला जरा जास्तच खात्री होती.

प्रोग्राममध्ये दोन तक्ते होते. पहिल्यात रुग्णाचं नाव, गाव, वय. ते सेव्ह केलं की रुग्णाला आपोआप नंबर पडायचा. दुसऱ्या तक्त्यात तपासणी: घरच्या जबाबदार माणसाचं नाव, कोणता डोळा, मोतीबिंदू काढल्यावर आत कितीचं भिंग बसवायचं तो आकडा. तपासणीची ओळ कुणाची, हे तिच्यातल्या रुग्णाच्या नंबरावरून कळायचं. तो नंबर प्रोग्राम आणायचा कुठून? पहिल्या तक्त्यात सगळ्यात शेवटी पडलेला असेल, तो उचलायचा. राखी एकटी एका लॅपटॉपवर बसायची तोवर हे बिनघोर चाललं.

धनजच्या शिबिराला मात्र गर्दी उसळली, म्हणून गावातलाच हरीओम दुसरा लॅपटॉप घेऊन शेजारी बसला. सेहेचाळीस जणांचा एकेक डोळा ऑपरेशनला निघाला. चार दिवसांनी बस भरून सगळे वाशीमच्या दवाखान्यात आले. बसमध्ये कुणी नावं वाचली नाहीत, नुसती डोकी मोजली. यादीत सेहेचाळीस, बाकांवर सेहेचाळीस. राखी निवांत चहा प्यायली.

साडेदहाला नर्सने ऑपरेशनच्या खोलीतून हाक मारली, "तुळसाबाई, हेमसिंग यांच्या पत्नी!"

तुळसाबाई राखीच्याच गल्लीतली. उठली, दोन पावलं गेली आणि परत येऊन धपकन बसली. तोंड रागाने लाल झालं होतं.

"काय झालं मावशी?"

"राखे, त्या बाईले सांग. भलत्याच मानसाचं नाव मले लावून राह्यली!"

मावशीचे यजमान दौलतराव, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. राखीने लॅपटॉप उघडला. यादीत तुळसाबाई दोनदा होती. एकदा दौलतरावांची, भिंग बावीस. एकदा हेमसिंगची, भिंग साडेअठरा. एका नावाच्या दोन बाया गावात असतातच, म्हणून कुणाला खटकलं नव्हतं. पण दोन्ही ओळींत रुग्णाचा नंबर एकच होता, चोवीस. आणि तेवीस नंबरच्या भुरीबाईच्या नावे तपासणीची ओळच नव्हती, म्हणून यादीत तिचं नावच आलं नव्हतं. एक दोनदा, एक गायब. बेरीज मात्र बरोबर.

मग तिला शिबिराचं ते टेबल आठवलं. भुरीबाईचं नाव तिने सेव्ह केलं. मशीनवाल्याने भिंगाचा आकडा ओरडून सांगितला. तिने विचारलं, "मालकाचं नाव?" भुरीबाईने पदर तोंडाला लावला. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव तोंडाने घेणार कशी? तिच्या तांड्यातली एक बाई पाणी पिऊन येऊन नाव सांगेपर्यंत राखी हात बांधून बसली. तेवढ्यात शेजारी हरीओमने तुळसाबाईला सेव्ह केलं. त्याला दौलतरावांचं नाव विचारायची गरजच नव्हती. शेवटचा नंबर आता चोवीस झाला होता. राखीने बटण दाबलं आणि भुरीबाईची तपासणी तुळसाबाईच्या गळ्यात पडली.

सकाळपासून दोन ऑपरेशनं होऊन गेली होती. त्यांच्या डोळ्यांत कुणाची भिंगं बसली? यादी तपासायची एक ओळ प्रोग्राममध्ये लिहायला राखी तीनदा चुकली. कोणते नंबर दोनदा आलेत, कोणते एकदाही नाहीत? उत्तर आलं: दोनदा फक्त चोवीस, गायब फक्त तेवीस. ती दोघं तरी वाचली.

हरीओम कानाशी आला. "नंबर बदलून टाक गुपचूप. कोनाले समजते?"

तिलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. त्याचीच तिला भीती वाटली आणि ती तडक डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं.

"तुळसाबाईंचं भिंग?"

"बावीस. त्यांचे यजमान मी रोज बघते."

"आणि साडेअठरा?"

"भुरीबाईचं. दुसरं कुणी उरतच नाही."

"उरलं म्हणून तिचं, असं मी कुणाच्या डोळ्यात भिंग बसवत नाही. कागद दाखवा."

कागद नव्हता. पुन्हा मोजावं, तर डोळा मोजायचं मशीन आज मानोऱ्याकडच्या शिबिराला गेलं होतं.

"मग त्यांना परत पाठवा. दोन महिन्यांनी पुढची तारीख."

दोन महिन्यांनी भुरीबाई ऊसतोडीला गेलेली असणार. तिचा उजवा डोळा कधीच गेला होता. उरलेल्या डाव्यावर पडदा घेऊन ती कोयता चालवणार.

"तिने नवऱ्याचं नाव हेमसिंग सांगितलं तर?"

"तर ओळ तिची. पण नाव तिच्या तोंडून आलं पाहिजे. आपण सुचवलं की सगळेच मान हलवतात."

भुरीबाई बाकाच्या टोकाला बसली होती. सकाळपासून तिला कुणी हाक मारली नव्हती आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं. राखी तिच्यासमोर खाली फरशीवर बसली.

"मावशी, मालकाचं नाव सांगा."

पदर तोंडाला गेला. "सांगनारी बाई नाही आली आज."

"उखाणा घ्या आजी," नर्स हसून म्हणाली. भुरीबाई हसली नाही.

"मावशी, चूक माही आहे. तुमचा आकडा मी दुसरीच्या नावावर टाकला. तुमी नाव सांगतलं तरच डॉक्टर मानतीन. पाया पडतो तुमच्या."

दारात नर्स दोनदा घड्याळाकडे बघून गेली. राखीला वाटलं, संपलं. मग म्हातारीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "हेमसिंग."

"काय म्हणाल्या? पुन्हा सांगा," नर्स म्हणाली.

"आयकू आलं नं एकदा!" राखी तिच्या अंगावर खेकसली आणि तिथेच फरशीवर रडायला लागली.

दुपारी भुरीबाईला हाताला धरून बाहेर आणलं, डाव्या डोळ्यावर पट्टी. राखी दाराशीच बसली होती. प्रोग्राम तिने दुरुस्त केला होता. आता पहिली ओळ पडली की तिचाच नंबर हातात धरून दुसरी टाकायची, शेवटचा म्हणून कुणाचाही उचलायचा नाही. आणि मांडीवर समोरच्या दुकानातून आणलेली दोनशे पानी वही होती. पहिल्या पानावर पेनाने एकच ओळ.

राखीने हाक मारली, तशी भुरीबाई आवाजाच्या अंदाजाने तिच्याकडे वळली.

"लिवलं का आता?"

"लिवलं मावशी."

"पक्कं लिव, बाई. मी पुन्हा नाही घेनार."