मागच्या दाराने येऊ नका

थंडी ओसरून झाडांना पालवी फुटली की आम्ही चार दिवस आत्याकडे जातो. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती. लग्न केलं नाही, "रोज एवढी माणसं सांभाळल्यावर घरी आणखी एक कशाला?" म्हणते. निवृत्त झाली, पण आवाज अजून ड्युटीवरच आहे.

यंदा आम्ही फाटकातून आत शिरतोय तोच ती खिडकीतून ओरडली, "पुढच्या दाराने चढा! मागचं बंद आहे!"

मागच्या दाराला लागून वेल आहे. तिच्यात बुलबुलाने वाटीएवढं घरटं बांधलं होतं. आत पिल्लं कसली, नुसत्या उघड्या चोची. दार ढकललं की घरटं हिंदकळायचं, म्हणून आत्याने आतली कडी सुतळीने करकचून बांधली होती आणि धुतलेले कपडे वाळत घालायला ती बादली घेऊन घराला अख्खा वळसा घालत होती.

"एकटी राहून डोक्यावर परिणाम झालाय हिच्या," बाबा म्हणाले.

"तुझ्या तर दुकटं राहून झालाय. चहा घे."

आईने हसू पदरात लपवलं. बाबांनी मात्र कप खाली ठेवला.

"हे बघ, मी ठरवलंय. उद्या पडलीस-झडलीस तर इथे आहे कोण? तू आमच्याकडे राहायला चल. घर भाड्याने देऊ."

"ठरवलंयस? आणि मला कधी सांगणार होतास?"

"आत्ता सांगितलं ना!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक बाई. ओले केस, खांद्यावर पिशवी. "तलावावर पोहायला शिकवते मी. घर बघायला आलेय."

बाबांचा चेहरा पडला. आत्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग बाईंना म्हणाली, "या ना. चहा टाकते."

ती स्वयंपाकघरात वळताच बाबा कामाला लागले. खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवला. "मागे अंगणही आहे, चला," म्हणत सुतळीला हात घातला, तर आत्या खुर्ची घेऊन हजर. दाराला पाठ लावून बसली.

"ऊठ."

"नाही उठत."

"अगं, दार उघडायचंय!"

"मग मला उचल आणि ठेव बाजूला."

बाबांच्या दुखऱ्या कमरेला पट्टा. आत्याला उचलायला गेले असते, तर नंतर त्यांनाच उचलायला आम्ही सगळे लागलो असतो. बाहेर तारेवर बुलबुल चोचीत अळी धरून आमची कटकट थांबायची वाट बघत होता.

"एका पाखरासाठी एवढा तमाशा?"

"पाखरं काय, आठवड्याभरात उडतील. मी नाही उडणार. मला न विचारता माझ्या घरात गिऱ्हाईक आणलंस ना, म्हणून बसलेय."

पोहणाऱ्या बाई गोंधळल्या. "पण हे तर म्हणाले, बहीण आपणहून घर सोडतेय."

"असं म्हणाला?" आत्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

बाबा पंख्याकडे बघत राहिले. "मोठा भाऊ आहे मी. जिवाला घोर लागतो माझ्या."

"घोर लागला की फोन करावा, दादा. भाडेकरू नाही पाठवायचा."

"राहत्या माणसाचं घर मी नाही बघत," म्हणत बाईंनी पिशवी उचलली.

"बसा हो. तुमची काय चूक? चहा झालाय, वहिनी गाळतील."

बाबा लालबुंद झाले. "बस मग इथेच, पाखरं राखत! चला गं, आत्ताच्या आत्ता निघायचं."

आईने सगळ्यांना चहा दिला. मग आतून बॅग आणली, पलंगावर उलटी केली आणि एकेक साडी कपाटात लावायला लागली.

"हे काय चाललंय?"

"तुम्ही व्हा पुढे. मी राहतेय."

"किती दिवस?"

"बघू."

"आणि माझ्या जेवणाचं काय?"

पोहणाऱ्या बाईंना चहाचा ठसका लागला. आत्याने त्यांच्या पाठीवर थोपटलं. आईने पुढची साडी उचलली.